फेरियाले, फेस्तिवो

बसथांब्याच्या खांबावर काचेआड वेळापत्रक लावलेलं होतं. त्यात दोन रकाने. एकाच्या डोक्यावर ‘फेरियाले’, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘फेस्तिवो’. इटालियन मला येत नव्हतं, पण पाच दिवसांत एक शब्द पक्का झाला होता : ‘फेरिये’, म्हणजे रजा, सुट्टी. बंद दुकानांच्या शटरांवर चिकटवलेल्या प्रत्येक कागदावर तो होता. मग फेरियाले म्हणजे सुट्टीच्या दिवशीच्या गाड्या, हे मी धरूनच चालले. त्या रकान्यात संध्याकाळी सात वीसची बस होती. नवऱ्याला म्हटलं, बसू या निवांत. इटलीतल्या आरेत्सो शहराच्या दक्षिणेला टेकडीवर वसलेलं छोटं गाव, खाली वाल दि कियानाचं रुंद खोरं, माना टाकलेल्या सूर्यफुलांची शेतं. बसून राहायला जागा तर फारच सुंदर होती.

तारीख होती १५ ऑगस्ट २०१९.

सात वीस झाले, पावणेआठ झाले, आठ वाजले. रस्त्यावर एकही वाहन नाही. शेवटी कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एक आजीबाई आमच्यापाशी थांबल्या. आम्ही कागदाकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि फेरियालेच्या शेजारी छापलेली बारीकशी खूण दाखवली : एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे. मग मूठ वळून हवेत दोनदा हातोडा मारला. फेरियाले म्हणजे कामाचा दिवस. फेस्तिवोच्या शेजारी छोटा क्रूस होता. ‘ओज्जी, फेस्तिवो,’ आजी म्हणाल्या. आज सण. त्या रकान्यातली शेवटची बस दुपारीच निघून गेली होती.

आम्ही चालत उतरलो. त्या वर्षी राखीपौर्णिमा १५ ऑगस्टलाच आली होती, त्यामुळे वळणावळणाच्या त्या घाटात थोड्याच वेळात लख्ख चांदणं पडलं. मध्येच एका अंगणात लांबलचक टेबल मांडून वीसेक माणसं जेवत होती. दिव्यांच्या माळा, कलिंगडाच्या फोडी, लहान मुलांचा कालवा. कुणीतरी आम्हाला हात केला. आम्हीही केला. स्टेशनवर पोचेपर्यंत साडेनऊ वाजले आणि आरेत्सोची शेवटून दुसरी गाडी मिळाली. पाय दुखत होते, पण चुकलेल्या बसची ती संध्याकाळ आमच्या त्या सबंध सहलीतली सर्वांत लक्षात राहिलेली गोष्ट ठरली.

त्या शब्दाचा पिच्छा मी नंतरही सोडला नाही. मुळात लॅटिनमध्ये ‘फेरिये’ म्हणजे देवाधर्माचे, काम थांबवायचे दिवस. पुढे चर्चने आठवड्याच्या वारांना ‘फेरिया’ म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू साध्या वारालाच तो शब्द चिकटला. गोव्यातल्या जुन्या पिढीला हे पटकन कळेल, कारण पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे ‘सेगुंदा-फैरा’, दुसरा फेरिया. म्हणजे एकाच मुळातून निघालेले दोन शब्द, ‘फेरिये’ सुट्टीचा आणि ‘फेरियाले’ कामाचा, आजच्या इटालियनमध्ये शेजारी शेजारी राहतात. इटलीला जाणाऱ्याने ‘ग्रात्सिये’ आणि ‘प्रेगो’च्या आधी ही जोडी पाठ करावी असं मला मनापासून वाटतं. शनिवारही फेरियालेत मोडतो, हेही त्यातच लक्षात ठेवायचं.

ऑगस्टात येऊ नकोस, असं माझ्या भाचीने मला आधीच बजावलं होतं. ती तेव्हा बोलोन्याला शिकत होती. ‘मावशी, अगं इथे ऑगस्टात कुणीच नसतं,’ असं ती फोनवर म्हणाली तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली होती. आमचा हिशोब आपल्याकडच्या कॅलेंडरचा होता. शनिवार-रविवार, सोमवारी बारा तारखेला बकरी ईद, गुरुवारी स्वातंत्र्यदिन, पुन्हा शनिवार-रविवार. मधल्या तीन रजा टाकल्या की सलग नऊ दिवस. जोडून सुट्ट्या साधायचं हे कसब नोकरदार मराठी घरात लहानपणापासून शिकायला मिळतं. इटालियन माणूसही नेमकं हेच करतो आणि त्याला ‘फारे इल पोन्ते’ म्हणतो, म्हणजे पूल बांधणं. गुरुवारी सण आला की शुक्रवारची रजा टाकून रविवारपर्यंत पूल. फरक इतकाच, की आम्ही आमच्या पुलावरून त्यांच्या देशात उतरलो तेव्हा ते त्यांच्या पुलावरून समुद्राकडे निघून गेले होते.

बोलोन्याच्या कमानींखालून आम्ही त्या पहिल्या दिवशी चाललो तेव्हा आमच्याच चपलांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. पावाचं दुकान बंद, चपला शिवणारा बंद, भाचीने ज्याचं इतकं कौतुक केलं होतं ते ताज्या पास्त्याचं दुकान बंद. तिथल्या कागदावर कुणीतरी वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘कियुझो पेर फेरिये’, २६ ऑगस्टला उघडू, तुम्हालाही छान सुट्टी मिळो. खाली सूर्याचं चित्र. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला ताप भरला. औषधाचं दुकान शोधत आम्ही तीन बंद दारांपाशी जाऊन आलो. चौथ्या दारावर मात्र भाचीने एक छापील यादी दाखवली, ‘फार्माचिया दि तुर्नो’. पाळीची दुकानं. कुठल्या दिवशी आणि रात्री आसपासचं कोणतं दुकान उघडं राहणार हे पत्त्यासकट प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. गोळ्या मिळाल्या. मला त्या यादीने फार धीर दिला. सगळं गाव सुट्टीवर गेलं तरी कुणीतरी पाळीने मागे थांबलेलं असतं आणि ते कुठे आहे हे बंद दारच सांगतं.

या ऑगस्टातल्या सणाचं नाव फेर्रागोस्तो. ‘फेरिये ऑगुस्ती’ म्हणजे ऑगस्टसच्या सुट्ट्या. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने इसवी सनापूर्वी १८ मध्ये त्या सुरू केल्या, असं सांगतात. शेतीची दमवणारी कामं उरकल्यावर विसावा मिळावा हा हेतू. तेव्हा हा सण महिन्याच्या सुरुवातीला असे. त्या दिवसांत शर्यती होत आणि बैल, गाढवं, खेचरं यांना कामातून मोकळं करून फुलांनी सजवत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. श्रावण अमावास्येचा आपला पोळा डोळ्यांपुढे आला, शिंगांना रंग, पाठीवर झूल, खांद्याला हळद आणि लोणी. ऑगस्टचाच महिना, तीच दमलेली जनावरं आणि त्यांना एक दिवस कुणीही जुंपायचं नाही हा तोच नेम. पुढे चर्चने येशूची आई मारिया हिच्या स्वर्गारोहणाचा दिवस म्हणून १५ ऑगस्ट पाळला आणि जुना विसावा त्या तारखेला येऊन मिळाला. विसाव्या शतकात, १९३१ पासून, फॅसिस्ट राजवटीने स्वस्त तिकिटांच्या ‘लोकगाड्या’ सोडल्या आणि ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशी शहरातली कामकरी कुटुंबं पहिल्यांदा किनाऱ्यावर पोचली. राजवट गेली, सवय राहिली.

आजही ऑगस्टातल्या शनिवारांना तिथल्या महामार्गांच्या गर्दीच्या कॅलेंडरात रंगांचे ठिपके लावतात. लाल ठिपका म्हणजे गर्दी, काळा ठिपका म्हणजे त्या दिवशी निघूच नका. जाण्याच्या लोंढ्याला ‘एझोदो’ म्हणतात, परतीच्या लोंढ्याला ‘कोंत्रोएझोदो’. मला यात परकं काहीच वाटलं नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईतून निघालेला चाकरमानी माणगावच्या बाजारपेठेत तीन-तीन तास अडकतो, तेव्हा तोही एझोदोच असतो. माणगाव मी मुद्दाम म्हणते. तिथे परत यायचं आहे.

आता ओळखीतलं कुणी इटलीला निघालं की मला फोन येतो. लोक विचारतात कुठे राहावं, काय खावं. मी आधी तारखा विचारते. कारण तिथली राष्ट्रीय सुट्टी आपल्यासारखी रविवारी आली की बुडते, सोमवारी सरकत नाही. पण गुरुवारी किंवा मंगळवारी आली की आजूबाजूचे दिवस ओढून घेते आणि गाड्या, खोल्या, संग्रहालयांची तिकिटं सगळं महिनाभर आधी भरून जातं. शिवाय प्रत्येक शहराचा स्वतःचा ग्रामदेव असतो. हो, मी ग्रामदेवच म्हणते, त्याहून नेमका शब्द मला सुचत नाही. २४ जूनला सान जोव्हान्नीसाठी फिरेन्झे, तोरिनो आणि जेनोव्हा बंद, पण शेजारच्या शहरात रोजचा बुधवार चाललेला. १९ सप्टेंबरला सान जेन्नारोसाठी नापोली, २९ जूनला पीटर-पॉलसाठी रोम. मिलानोचा सांत आम्ब्रोजो ७ डिसेंबरला आणि दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाची देशभर सुट्टी. त्या जोडीला शनिवार-रविवार लागले की मिलानोत खोली मिळणं कठीण. ७ तारखेलाच ला स्काला नाट्यगृहाचा हंगाम उघडतो, जत्रा भरते, घराघरांत नाताळचं झाड उभं राहतं. गर्दीला भिणाऱ्याने टाळावं. मी मात्र म्हणेन की जावं.

व्हॅटिकनचं एक वेगळंच. तो निराळा देश, त्याचं कॅलेंडर निराळं. इटलीचे २५ एप्रिल आणि २ जून हे नागरी सण तिथल्या संग्रहालयांना लागू नाहीत. पण १९ मार्चला सान जुझेप्पेसाठी ती बंद, आणि रस्ता ओलांडून इकडे आलात की इटलीत तो कामाचा दिवस. गुड फ्रायडेला इटलीत सरकारी सुट्टी नसते हे सांगितलं तर वसईचे माझे स्नेही अजून विश्वास ठेवत नाहीत.

या सुट्ट्यांचाही एक इतिहास आहे आणि तो मला प्रवासाच्या वेळापत्रकाहून जास्त ओढ लावतो. १९७७ मध्ये, महागाई आणि मंदीच्या दिवसांत, कामाचे दिवस वाढवावेत म्हणून कायद्याने बऱ्याच सुट्ट्या काढून टाकल्या. ६ जानेवारीचा एपिफानिया गेला, ज्या दिवशी झाडूवर बसून बेफाना नावाची म्हातारी मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवते. लोक हळहळले. १९८६ पासून तो परत आला. २ जून, प्रजासत्ताक दिन, जूनच्या पहिल्या रविवारी ढकलला होता, तो २००१ मध्ये आपल्या जागी आला. १९४६ मध्ये त्या दिवशी इटलीने राजा हवा की प्रजासत्ताक यावर मत दिलं. देशपातळीच्या मतदानात स्त्रियांना पहिल्यांदाच मत होतं. सुमारे १ कोटी २७ लाख विरुद्ध १ कोटी ७ लाख, आणि राजा देश सोडून गेला. रोमला त्या दिवशी फोरमशेजारच्या रस्त्यावरून संचलन जातं, म्हणून कोलोसेओ सकाळी बंद असतो आणि दुपारी उघडतो. सरकारी संग्रहालयं त्या दिवशी फुकट. आणि आता २०२६ पासून ४ ऑक्टोबर, असिसीच्या फ्रान्सिसचा दिवस, पुन्हा राष्ट्रीय सुट्टी झाला आहे. त्याच्या मृत्यूला आठशे वर्षं झाली त्याचं निमित्त. पहिल्याच वर्षी तो रविवारी येतो.

१ नोव्हेंबरबद्दल एकच सांगते, कारण ते मला स्वतःला शिकावं लागलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी माणसं गावोगावच्या दफनभूमीत जातात, आपल्या माणसांच्या कबरी धुतात आणि त्यावर शेवंती ठेवतात. बाजारात शेवंतीचे डोंगर असतात, पिवळी, पांढरी, जांभळट. आपल्याकडे ती दसरा-दिवाळीची, तोरणाची, हाराची. भाचीच्या घरमालकीण सिन्योरांकडे एका दिवाळीला तिने प्रेमाने शेवंतीचा गुच्छ नेला. सिन्योरांनी तो घेतला, क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, ‘हे मी उद्या माझ्या आईकडे घेऊन जाते.’ त्यांची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. भाचीला खूप वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सिन्योरांनी तिलाही बरोबर नेलं आणि कबरीवर तो गुच्छ तिच्याच हातून ठेववला. आपल्याकडच्या सर्वपित्री अमावास्येबद्दल ती तिथे, त्या थंडीत, त्यांना सांगत राहिली.

दुसऱ्यांदा मी गेले २०२५ च्या एप्रिलमध्ये, एकटी. भाचीने या वेळी आधीच तंबी दिली होती, ‘तिकीट काढायच्या आधी मला विचार.’ ती आता तिथेच नोकरी करते. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं, दर दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून पाठवतो ते. त्यावर तिने हिरव्या पेनाने तिकडचे सण लिहिलेले. एप्रिलचं पान तर भरून गेलं होतं. २० ला ईस्टर, २१ ला पास्क्वेत्ता, २५ ला मुक्तिदिन, शुक्रवारी आलेला. आणि मे महिन्याच्या पहिल्याच चौकटीत छापील ‘महाराष्ट्र दिन’ आणि खाली हिरव्या अक्षरात ‘फेस्ता देल लाव्होरो’, कामगार दिन. ‘या वेळी आपण सुट्ट्या चुकवायच्या नाहीत,’ ती म्हणाली, ‘त्यांच्या सोबतीनेच जायचं.’

पास्क्वेत्ता म्हणजे ईस्टरचा सोमवार, धाकटा ईस्टर. इटलीत म्हण आहे : नाताळ आपल्या माणसांत, ईस्टर हवं त्याच्याबरोबर. त्या सोमवारी सगळं शहर डबे बांधून रानात जातं. आम्ही सिन्योरांच्या कुटुंबाबरोबर बोलोन्याच्या दक्षिणेच्या डोंगरात गेलो. पालक आणि अख्खी अंडी घातलेली मोठी पाई, चीज, कबुतराच्या आकाराचा गोड कोलोंबा. गवतावर चादरी अंथरल्या आणि तेवढ्यात कुणाच्यातरी मोबाइलवर बातमी आली. पोप फ्रान्सिस गेले होते. आदल्या दिवशी तर त्यांनी चौकात येऊन लोकांना आशीर्वाद दिला होता. खालच्या गावातल्या चर्चची घंटा वाजायला लागली, एकेक ठोका, मध्ये लांब अंतर ठेवून. सिन्योरा उठून झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मुलांना काही सांगावं लागलं नाही, ती आपोआप शांत झाली. मग तासाभराने सिन्योरांनीच ती पाई कापली आणि सगळ्यांना वाढली.

आमची रोमची गाडी नेमकी २६ तारखेच्या सकाळची होती आणि अंत्यविधी त्याच सकाळी ठरला. सगळं जग रोमकडे निघालं होतं. आम्ही तिकिटं २९ वर ढकलली, त्यासाठी वरचे पैसे भरले, आणि दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही. पाच दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. २५ तारीख त्यातच येत होती. सण संयमाने साजरा करा, असं सरकारने म्हटलं आणि त्यावरून वर्तमानपत्रांत बरंच वादळ उठलं, कारण तो मुक्तिदिनाचा ऐंशीवा वर्धापनदिन होता. २५ एप्रिल १९४५ ला मिलानोतून उठावाची हाक दिली गेली आणि उत्तरेतली शहरं नाझी आणि फॅसिस्टांच्या हातून सुटली. त्या दिवसाबद्दल बोलताना तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज अजून बदलतो. व्हेनिसमध्ये तोच दिवस सान मार्कोचा, तिथे पुरुष आपल्या बायकांना गुलाबाची एक लाल कळी देतात. अलीकडे त्याच तारखेला, २०२४ मध्ये, व्हेनिसने एका दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. पाच युरो. गर्दीची खरी परीक्षा त्याच दिवशी होते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आम्ही त्या दिवशी व्हेनिसला गेलो नाही. लुगोला गेलो.

लुगो हे बोलोन्या आणि राव्हेन्नाच्या मध्ये, सपाट मुलखातलं गाव. पहिल्या महायुद्धातला वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का इथला. त्याच्या विमानावरचा उधळलेला घोडा पुढे फेरारीच्या मोटारींवर आला. चौकात त्याचं उंच स्मारक आहे. पण मला जायचं होतं गावाबाहेरून वाहणाऱ्या सेनिओ नदीवर. भाचीने आदल्या रात्री वेळापत्रक काढलं, फेस्तिवोचा रकाना. जाणारी गाडी साडेनऊला, गावातून नदीकडे बस नाही. म्हणून चालत जायचं ठरलं.

पीचच्या बागा, द्राक्षांचे मांडव, घरांच्या खिडक्यांतून लावलेले तिरंगे, हिरवा-पांढरा-लाल. तासाभराने समोर गवताची एक उंच भिंत आली. नदी दिसत नाही, बांध दिसतो. दोन्ही काठांना दुमजली घराएवढे मातीचे बांध आणि त्यांच्या मध्ये, खोल, पाणी. मे २०२३ च्या पुरात या नदीने हेच बांध फोडून गावं बुडवली होती. ठिकठिकाणी नवी माती अजून उघडी होती. वर चढून पाहिलं आणि माझा विश्वासच बसेना. एवढीशी नदी. आपल्याकडे हिला ओढा म्हणतील.

९ एप्रिल १९४५ ला या बांधाच्या दोन्ही अंगांना जर्मन मशिनगनी पुरलेल्या होत्या. उतारांवर सुरुंग. त्या संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण नदी ओलांडायला उतरली. नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्या होते, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्या तुकडीतले बरेच जण पडले. त्यांनी एका जखमीला उचललं, पाण्यातून, सुरुंगांच्या उतारावरून, गोळीबारात अलीकडे आणलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चाल केली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालवता येईना, ती टाकून दिली आणि हातगोळे फेकले. अशी तीन ठाणी त्यांनी बंद केली. आणि शेवटी त्या बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची आरोळी दिली, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’, आणि मागच्या तुकड्यांना हात करून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. सोळा दिवसांनी २५ एप्रिल आला.

इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांना मिळाले. पाच हजारांहून जास्त भारतीय तिथे मेले. त्या सहा जणांतले आणि या मृतांतलेही एक नाईक यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले, बावीस वर्षांचे होते. त्यांची कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. उंब्रियातल्या मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आणि माणगावातही त्यांचं स्मारक आहे.

बांधावर बरीच माणसं होती. गळ्यात तिरंगी रुमाल घातलेल्या बायका, सायकलींवर मुलं, डबे, पाण्याच्या बाटल्या. पलीकडच्या बांधावरून एका गृहस्थांनी हात उंचावून ‘बुओन व्हेन्तिचिंक्वे आप्रिले’ म्हटलं. शुभ पंचवीस एप्रिल. भाचीने उत्तर दिलं. मी त्यांना माझ्या तोडक्या इटालियनमध्ये ओरडून सांगितलं की माझ्या गावाकडची माणसं इथे लढली. त्यांना कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि थोडा वेळ तशीच हातात धरून ठेवली. नदी मध्ये होती, जेमतेम पाच-सहा पावलांची.

१ मे आम्ही रोममध्ये काढला. व्हॅटिकनची संग्रहालयं बंद, बसगाड्या मोजक्याच, आणि ते आम्हाला आधीच माहीत होतं. सान्ता मारिया माज्जोरे चर्चबाहेर पोप फ्रान्सिस यांच्या नव्या कबरीच्या दर्शनाची रांग चौकभर वळसे घेत होती. आम्ही त्या रांगेत उभ्या असताना नवऱ्याचा फोन आला. महाराष्ट्र दिनाला शुक्रवारची रजा जोडून तो, दीर आणि जाऊ हापूससाठी कोकणात निघाले होते आणि अर्थातच माणगावला अडकले होते. दोन किलोमीटरला दीड तास, वर ऊन. मी म्हटलं, गाडी बाजूला लाव, खाली उतर आणि कुणालाही विचार, यशवंत घाडगेंचं स्मारक कुठे आहे.

अर्ध्या तासाने फोटो आला. मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग, पुढे नावाची पाटी, आणि तिच्यावर कुणीतरी सकाळीच घातलेला झेंडूचा हार.